मुक्काम सावळी

नातेवाइकांचा मला लहानपणापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अकोल्याला आमचं घर बसस्टँडला लागून होतं, आणि बसस्टँडला लागून घर असलेल्या माणसाला नातेवाईक जरा जास्तच असतात. ज्याची बस चुकली तो आमचा काका. जिच्या लेकराला ताप भरला ती आत्या. माझं सगळं बालपण दुसऱ्याच्या सतरंजीच्या कडेला झोपण्यात गेलं. त्यामुळे विमा कंपनीतल्या नोकरीचा कागद आला आणि आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "नागपुरात आपलं कोणीच नाही वं बाई," तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

हा आनंद प्रताप नगरात पोचेपर्यंत टिकला.

खोली वरच्या मजल्यावरची होती. घरमालक खाली व्हरांड्यात सागवानी खुर्चीत बसले होते. उंच, वाळलेले, पांढराशुभ्र सदरा आणि खिशाला दोन पेनं. मी नोकरीची जागा, पगार, खाणंपिणं असल्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. त्यांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही.

"गाव कोणतं?"

"अकोला."

"ते शहर झालं. गाव?"

मी वडिलांचं गाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, चालणार नाही अशी.

"मामकूळ?"

आईचं माहेर सांगितलं. पुन्हा नाही.

"आईची आई कुठची व्हय?"

एव्हाना मी वैतागले होते. खोली भाड्याने घ्यायची होती, सोयरीक जुळवायची नव्हती. "सावळीची," मी तुटकपणे म्हटलं, "मूर्तिजापूरकडची सावळी. आणखी मागे जायचं असेल तर आईला फोन लावून देते."

ते खुर्चीतून उठले. सागवानी खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. "अवं ऐकलं का?" त्यांनी घरात हाक दिली, "भाची आली!"

"कोणाची?" आतून बाईंचा आवाज आला.

"आपली!"

पदराला हात पुसत एक ठेंगणी बाई बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा का?"

अशी मी मामांची भाची झाले. पहिल्याच दिवशी आणि बसस्टँडपासून चांगली लांब.

मामांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक नातं काढून त्यांच्या दारात उभे राहतील, मामा सगळ्यांना जेवायला बसवतील, आणि मामी मला जन्मात माफ करणार नाहीत. आडनाव मात्र सांगावंच लागेल, कारण सगळी गोष्ट त्या आडनावात आहे. सावळीकर.

उमेदीच्या काळात मामांचं लकडगंजात सागाचं दुकान होतं आणि मागे लाकूड चिरायची स्वतःची आरामशीन. आता तिथे टाइल्सचं चकाचक दुकान आहे. त्या रस्त्यावरून जाताना मामा तोंड दुसरीकडे करतात. धंदा सुटला, पण सवयी सुटल्या नाहीत. कोणाच्याही घरी गेले की बेल असताना ते दारावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, आणि यजमानाने दार उघडलं की नमस्काराच्या आधी सांगायचे, "हे साग नाही. तुम्हाले फसवलं." माणसांच्या बाबतीतही तोच न्याय. "याच्यात गाठ हाय," ते एखाद्याबद्दल म्हणायचे. किंवा, "चांगला हाय, पण ओला हाय अजून. दोन उन्हाळे जाऊ दे."

आणि नातं काढल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. सिलिंडर घेऊन येणारा माणूस त्यांचा चुलत पुतण्या निघाला होता. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या साध्या माणसाची बायको मामींच्या माहेराशेजारच्या गावची निघाली, त्यामुळे तो जावई झाला. जावई दारात उभा राहतो का? मामांनी त्याला आत पाटावर बसवलं, पुरणाची पोळी वाढली, वर टॉवेल-टोपी दिली. बिचारा इतका लाजला, की पुढे तो फाटकाबाहेरूनच मान उंच करून मीटर वाचायला लागला.

"सगळ्याइचं नातं काढून राहिले," मामी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "स्वतःचं तेवढं सापडून नाही राहिलं."

हे मात्र खरं होतं. थट्टेत म्हटलेलं असलं तरी खरं होतं.

मामांचे आजोबा लहान असतानाच कुठूनसे लकडगंजात आले होते, एकटे, आणि मागचं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. लाकडाचा भुसा गोळा करत ते मोठे झाले. मध्येच कधीतरी कोणा भल्या मास्तरांनी त्यांना जुन्या शहरातल्या शाळेत नेऊन बसवलं. त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची एक ओळ होती. शाळा आता नाही, रजिस्टर वाळवीने खाल्लं. पण मामांच्या वडिलांनी कधीकाळी त्या ओळीचा उतारा काढून आणला होता. बोटभर कागद. मामांनी तो प्लास्टिकमध्ये बंद करून पाकिटात ठेवला होता आणि जिथे तिथे काढून ते वाचून दाखवायचे. दाखवायचे म्हणजे दाखवायचे नाहीतच. आपण हात पुढे करेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असायचं आणि कागद परत खिशात गेलेला असायचा.

"नाम लछमन. वालिद ना मालूम. परवरिश मुक्काम सावली. पाह्य, किती साफ लिहिलं हाय!"

तेव्हा सरकारी लिखापढी हिंदीत चालायची, त्यात निम्मे शब्द उर्दू. नाव लक्ष्मण, बाप माहीत नाही, सांभाळ सावलीला झाला. हिंदीत ळ नाही म्हणून सावळीचं सावली झालं असावं, असं पुढच्या वर्गातल्या मास्तरांना वाटलं. पोराला आडनाव नव्हतं, ते त्यांनी तिथेच लावून दिलं. सावळीकर.

आता आपल्या विदर्भात सावळ्या किती आहेत, हे मामांच्या भेटीआधी मला ठाऊक नव्हतं. काटोलकडे एक, हिंगण्याकडे एक, वर्ध्याकडे आणखी, बुद्रुक वेगळी, खुर्द वेगळी. आणि समजा कारकुनाने बरोबरच लिहिलं असेल, तर ळ ऐवजी ल असलेल्या सावल्या निराळ्या. मामांच्या बैठकीत विदर्भाचा शाळेत असतो तसला मोठा नकाशा टांगलेला होता. पाहून झालेल्या प्रत्येक गावावर ते एक टिकली लावायचे. सावळीला लाल, सावलीला हिरवी. टिकल्या अर्थात मामींच्या. "नागपुरात सगळ्यात जास्त टिकल्या मी घेते," मामी दुकानदाराला सांगायच्या, "आणि कपाळ पाहा माझं, अर्ध्या वेळी मोकळं."

माझे पुष्कळ रविवार मामांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. "चाल वं भाचे," ते खालून हाक मारायचे, "सावळी पाहून येऊ." मी कुरकुरत उतरायची. घरून पळून आले ती नातेवाईक चुकवायला, आणि आता दुसऱ्याचे नातेवाईक शोधत उन्हातान्हात हिंडत होते. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

गावात शिरलं की मामा पारावर जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचे. "काहो बुवा, तुमच्या गावातून कोणी लहान पोट्टं नागपूरले गेलतं का? लछमन नावाचं?"

आणि प्रत्येक गावात उत्तर एकच यायचं. "गेलतं ना!" असं कुठलं गाव आहे, जिथून कोणी नागपूरला गेलं नाही? आणि लक्ष्मण कोणत्या गावात नव्हता? मामांची अडचण नातेवाईक सापडत नाहीत ही नव्हती, वाजवीपेक्षा जास्त सापडतात ही होती. मग ते एकेकाला वाजवून बघायचे. कधी गेला, कोणाबरोबर गेला, मागे कोण राहिलं. दोन प्रश्नांत आवाज पोकळ यायचा. मामा उठायचे, पाणी प्यायचे, घरी येऊन नकाशावर टिकली लावायचे.

एका सावळीत मात्र एका आजीबाईने मामांच्या तोंडावरून हात फिरवून "हा आमचाच व्हय" म्हणून एकदम गळाच काढला. झुणका-भाकर झाली. निघताना कळलं, की तिच्या सुनेला मेडिकलच्या दवाखान्यात दाखवायचं होतं आणि नागपुरात उतरायला जागा नव्हती. परत येताना मामा म्हणाले, "खोटं बोलून राहिली ते. आपला लछमन गेला तवा हिची सासू बी जन्मली नसन." दुसऱ्याच आठवड्यात ती सून, तिचा नवरा आणि गाठोडी मामांच्या बैठकीत होती. चांगले पंधरवडाभर राहिले. मी मामींना विचारलं, "नातं खोटं आहे हे माहीत असून ठेवून घेतलंत?"

मामी म्हणाल्या, "नातं खोटं हाय वं. पेशंट तर खरा हाय."

असं हे जोडपं.

मामांना जुने कागद वाचता येतात अशी कीर्ती पसरल्यामुळे, जातीच्या दाखल्यासाठी, वाटणीसाठी, कशाकशासाठी लोक कागद घेऊन यायचे. एकदा काटोलकडचे एक गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, करारी चेहरा, हातात पिशवी. त्यांच्या पणजोबांचं गावात छोटं देऊळ होतं. कारण पणजोबा वैकुंठाला सदेह गेले होते. दरवर्षी भंडारा व्हायचा.

"सदेह?" मामांनी विचारलं.

"सदेह," गुरुजी म्हणाले. "आणि ऐकीव गोष्ट नाही. सरकारी कागद हाय." त्यांनी पिशवीतून पटवाऱ्याकडचा जुना उतारा काढला. नाव, वल्द म्हणून बापाचं नाव, आणि पुढे स्पष्ट अक्षरांत 'सा. देह'.

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसत होतं. मी डोळ्यांनी खुणावलं, नका सांगू. पण लाकडाच्या व्यापाऱ्याला पॉलिश करता येत नाही. "गुरुजी," ते म्हणाले, "हे साकिन देह हाय. साकिन म्हंजे राहणारा. देह म्हंजे गाव. याच गावचा राहणारा. वैकुंठाले नाही गेले ते, तिथंच होते घरी."

गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाले का समजते?" असं म्हणून ते कागद पिशवीत कोंबून, चहा तसाच टाकून निघून गेले. फाटक आपटलं. मामा मात्र पोट धरधरून हसत राहिले. "आख्खं गाव भंडारा खाऊन राहिलं," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि बुवा म्हणते, मी इथंच हावो!" पुढे कितीतरी दिवस, कुठे आहात असं कोणी फोनवर विचारलं की मामा सांगायचे, "सा. देह." म्हणजे घरीच.

मामींना ते हसणं आवडलं नव्हतं. "दुसऱ्याच्या चुकीले इतकं हसू नये," त्या म्हणाल्या, "आपली सापडाची राह्यली असते."

मग मामांच्या नातीचं लग्न ठरलं आणि घरातली हवा बदलली.

आपल्याकडे पहिली पत्रिका मूळ गावी, कुळदैवताच्या पायाशी ठेवतात. मगच दुसऱ्यांना वाटायची. मुलाच्या लग्नात मामांनी वेळ मारून नेली होती. दिसेल त्या सावळीच्या मारुतीपुढे पत्रिका ठेवून ते परत आले होते. ("त्या मारुतीले अजून समजलं नसन, हे कोण लोक," इति मामी.) पण ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. होणाऱ्या व्याह्यांनी सहज विचारलं होतं, "तुमचं मूळ गाव, दैवत कोणतं?" बैठकीत दहा माणसं बसलेली. सगळ्या जगाची नाती तोंडपाठ असलेला हा माणूस त्या वेळी खाली मान घालून सुपारी कातरत बसला. मला फार वाईट वाटलं.

रात्री जेवताना ते म्हणाले, "भाचे, या वेळी पत्रिका चुकीच्या दारात नाही ठेवणार. पोरीचं लग्न हाय. तिले सांगता आलं पाहिजे ना वं, मी कोणाची म्हणून."

नकाशावर टिकली नसलेली एकच सावळी उरली होती. पत्रिका छापायला जाण्याआधी तिथली काश्तकारांची, म्हणजे जमीन कसणाऱ्यांची, जुनी यादी बघायची, असं त्यांनी ठरवलं. यादी होती तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावलेला, वाचायला मनाई. म्हणून मी रजा टाकून बरोबर गेले. दुपारची सुट्टी होती. तिथल्या कारकून बाई टेबलावर पेपर पसरून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. आमचा अर्ज आधीच दिलेला होता. त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं, "ते लाल फडक्यातलं. पानं जपून उलटा."

मी वाचायला लागले. मामा डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकत होते. लाकूड ऐकावं तसे.

"महादू वल्द झिंगर, सा. देह."

"पुढं."

"गणपत वल्द दौलत, सा. देह."

"पुढं."

"मुक्काम भागीरथी," मी जरा अडखळले, "बेवा तुकाराम, सा. देह."

मामांनी "पुढं" म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"भागीरथी हे कोणतं गाव वं?"

"मला काय माहीत? असेल इकडेच कुठेतरी."

"आणि बेवा म्हंजे विधवा ना?"

"हो."

"गाव कसं विधवा होईन?"

मी कागदाकडे बघितलं. तिथे नुसता 'मु.' होता, मुक्काम मीच वाचलं होतं. खाली आणखी एक 'मु.' होता. 'मु. कौसी'. त्याखाली 'मु. ठकी'. मी भराभर पान खाली वाचत गेले. 'मु.' फक्त बायांच्या नावाआधी होता. एकाही पुरुषाच्या नावाआधी नव्हता.

"मुक्काम नाही हो ते," शेंग सोलता सोलता बाई म्हणाल्या, "मुसम्मात. पहिले बाईच्या नावाच्या आधी लिहायचे. आता आपण श्रीमती लिहितो ना, तसं."

मामांनी मग सावकाश खिशात हात घातला, पाकीट काढलं, आणि तो प्लास्टिकमधला कागद माझ्या हातात दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या हातात आला होता.

"वाच."

"नाम लछमन," मी म्हटलं. "वालिद ना मालूम. परवरिश..." पुढचं अक्षर साफ दिसत होतं. मु आणि एक टिंब. मी प्लास्टिक बोटाने पुसून पुन्हा पाहिलं.

"वाच ना वं बाई."

"मुसम्मात सावळी."

"बाई होती," मामा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बाई होती ते." काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून येत होतं की दुसऱ्या, हे मी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांतून येत होतं. कारकून बाईंनी तांब्याभांडं पुढे सरकवलं आणि मूठभर दाणे मामांच्या हातावर ठेवले.

परतीच्या ऑटोत मामा खिशातलं पाकीट चाचपत होते, आणि मला वेगळीच धास्ती लागली होती. सावळी जर गाव नव्हतं, तर माझ्या आजीच्या सावळीचा यांच्याशी संबंध काय? मी भाची कशी? ज्या बाईला जन्मभर नातेवाईक नको होते, ती एक नातं सुटेल म्हणून ऑटोच्या दांडीला घट्ट धरून बसली होती. हसू येण्यासारखंच होतं, पण मला आलं नाही.

घरी आल्यावर मामांनी मामींना सगळं सांगितलं. मामी सांबारवडीचं सारण परतत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, बैठकीत आल्या, आणि लाल-हिरव्या टिकल्यांनी भरलेल्या नकाशासमोर उभ्या राहिल्या.

"टिकली बरोबर होती," त्या म्हणाल्या. "कपाळ चुकलं."

मामा जे हसायला लागले, ते थांबेनात. मामीही हसल्या. मला राहवेना. मी म्हटलं, "तुम्ही हसा. पण मग माझं काय? मी आता नुसती भाडेकरूच ना?"

मामांचं हसणं थांबलं. "काहून?"

"सावळी गावामुळे भाची झाले होते. गावच नाही तर..."

"बस इथी," ते म्हणाले. "त्या कागदात का लिहिलं हाय? माय असं नाही लिहिलं. परवरिश लिहिलं हाय. सावळीनं त्याले पैदा केलं का रस्त्यावरून उचललं, देवाले माहीत. बाप नाही, गाव नाही, आणि तिनं पोट्टं आपलं म्हणून वाढवलं. म्हंजे दिसन त्याले घरात घ्याचं, हे आमच्या खानदानातच हाय ना वं! मले वाटे, मलेच खूळ हाय." ते मामींकडे वळले. "ऐकलं का? खूळ नाही, वारसा हाय!"

"तेच म्हणून राहिली मी," मामी म्हणाल्या, "जुनं खूळ हाय."

त्या संध्याकाळी मामांनी काटोलच्या गुरुजींना फोन लावला. फाटक आपटून गेल्यापासून त्यांचं बोलणं नव्हतं. मी शेजारीच होते. "गुरुजी, तुम्ही सा. देहचं वैकुंठ केलं," मामा म्हणाले, "मी बाईचं गाव केलं. तुमच्यापेक्षा मोठा भैताड निघालो. आता माफी द्या." तिकडून मग गुरुजींचं हसणं मलाही ऐकू आलं. फोन ठेवायच्या आत मामांनी नातं काढलंच. एका गुरूचे शिष्य ते गुरुभाऊ, तसे हे दोघे चूकभाऊ. भंडारा अजूनही होतो. आता मामा पंगत वाढायला जातात.

पत्रिका छापून आल्या तेव्हा मी कार्यालयातून दमून आले होते. त्यातली एक मामींनी माझ्यापुढे धरली. नवरीच्या आत्या म्हणून माझं नाव छापलेलं, सगळ्यांत वर, मामांच्या सख्ख्या पुतण्यांच्याही वर. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "नागपुरात आपलं कोणीच नव्हतं ना वं?"

आज मी मनीषनगरात माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. घर घेतलं तेव्हा मामा दारावर टकटक करून म्हणाले, "हे साग नाही." तेव्हापासून माझ्या वॉचमनला ते भाऊजी म्हणतात. प्रताप नगरातल्या फाटकावरची सावळीकरांची पाटी मात्र तीच आहे. बदलायची का, असं मामांच्या मुलाने विचारलं होतं. मामा म्हणाले, "काहून बदलाची? सावळीचेच तर हावो आपण."

पण मला पक्कं आठवतं ते पहिल्या पत्रिकेचं. सकाळची वेळ होती. देवघरात समई लावलेली. मामांचा डोळा अजून नीट झाला नव्हता, म्हणून पाकिटावर नाव घालायला त्यांनी मला बसवलं.

"लिही. मु. सावळी."

मी लिहिलं. "पुढे? पत्ता काय घालू?"

मामांनी बैठकीतल्या नकाशाकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच्या घराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात नात कोणाशी तरी भांडत होती. जिन्यात माझ्या चपला होत्या. व्हरांड्यात कुणीतरी नवा माणूस कागदांची पिशवी घेऊन मामांची वाट बघत बसला होता.

"लिही," ते म्हणाले, "सा. देह."

मामींनी टिकल्यांच्या पाकिटातून लाल टिकली काढली, 'मु. सावळी'च्या बरोबर वर लावली, आणि पत्रिका देवापुढे ठेवली.